ड्रमच्या पोटातली दुपटी

मोठ्या ड्रमला हात लावू नकोस, तो मी आल्यावर बघतो, असं नवरा जाताना दोनदा बजावून गेला होता, आणि तिने नेमका त्यालाच हात लावला. लावायचं तसं काही अडलं नव्हतं. नवरा फ्रिजच्या दुकानातून रिकामी खोकी आणायला गेला होता, तान्हा गुंड्या पलीकडच्या खोलीत झोपला होता, आणि चार वाजता विकलेले ड्रम न्यायला ट्रान्सपोर्टवाला येणार होता. तिच्या वाटणीची कामं उरकली होती. स्टँडचे पाय मिटून त्यांना जुन्या टॉवेलांच्या पट्ट्या गुंडाळून झाल्या होत्या, एकेका ड्रमचे पेच वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर चिठ्ठ्या चिकटवून झाल्या होत्या, पितळेच्या थाळ्यांसारख्या त्या सिंबलांच्या मधे पुठ्ठ्याच्या चकत्या घालून त्यांची चळत बांधून झाली होती. हातातलं काम संपलं की तिला बसवत नसे. रिकामं बसलं की कान पलीकडच्या खोलीकडे लागायचे, गुंड्याच्या छातीतली घरघर मोजायला लागायचे, आणि मोजता मोजता तिची स्वतःचीच छाती भरून यायची. म्हणून तिने किल्ली घेतली आणि मोठ्या ड्रमच्या कडेचे पेच सैल करायला बसली. पुढच्या चामड्याला, म्हणायचं चामडं, असतं प्लास्टिकच, मधोमध वितीएवढं भोक होतं, आणि त्या भोकावर काळी टेप लावलेली होती. एकावर एक, आडव्या-उभ्या, कडा अंगठ्याने दाबून बसवलेल्या. प्रवासात धूळ जाऊ नये म्हणून लावली असेल, नवऱ्याचं या ड्रमच्या बाबतीत सगळंच नेटकं, असं मनात म्हणत तिने शेवटचा पेच काढला, लाकडी कडं उचललं, चामडं बाजूला केलं, आणि तो वास तिच्या तोंडावर आला.

वास ओळखीचा होता, हेच पहिल्यांदा तिला सहन झालं नाही. अनोळखी घाणीला माणूस नाक मुरडतो आणि मोकळा होतो. हा वास तिने चार महिने हुंगला होता. गुंड्याच्या मानेच्या घडीत हुंगला होता, त्याच्या टोपड्यात, पडद्यांत, स्वतःच्या केसांत. दर वेळी एवढासा, आहे की नाही कळू नये इतका. छातीचे डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले होते, घरात कुठे ओल आहे का बघा, आणि त्या दिवसापासून ती ओलीच्या मागे लागली होती. कपाटं भिंतीपासून ओढून मागे बॅटरी मारून बघितलं. मोरीची जाळी उचकटून आत हात घातला आणि बोटांना लागलेल्या केसांच्या गोळ्याने दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. घरातल्या सगळ्या उशा एका दुपारी खाली नेऊन टाकल्या, आणि नवरा संध्याकाळी परत आला तेव्हा गादीवर चारी कोपरे ताणून बसवलेली नुसती चादर होती. नवऱ्याच्या सिगारेटी बंद केल्या. त्याच्या आईला बाहेरच्या चपलेने आत येऊ नका म्हणून सांगितलं, ते इतक्या वेळा सांगितलं की त्या आता यायच्याच कमी झाल्या होत्या. आणि शेवटी बोट ठेवायला काही उरलं नाही तेव्हा तिने या ड्रमांवर ठेवलं. घरातली सगळ्यात कोरडी, उन्हाची खोली यांनी अडवली आहे, आणि पोर मागच्या काळोख्या खोलीत खोकतंय. ते खोटं नव्हतं. पण ती हे म्हणाली तेव्हा तिला वाद अपेक्षित होता, निदान एक दिवसाचा अबोला, आणि नवरा चटकन म्हणाला होता, बरोबर आहे तुझं, विकून टाकू. इतक्या चटकन की ती आणलेला आवेश घेऊन तशीच उभी राहिली होती, भांडायला कंबर कसून यावं आणि समोर कुणीच नसावं तशी.

तिने आत हात घातला. आधी उशी लागली, ती असतेच, आवाज बसका यावा म्हणून ठेवतात. उशीच्या खाली बोटं कशात तरी मऊ रुतली. ओलं नव्हतं ते, कोरडंही नव्हतं. शिळ्या भाकरीच्या तुकड्याला पाणी लागलं की होतं तसं, दाबलं की आत जाणारं. ओढलं तर ते एकातून एक येत गेलं, लांबच लांब, आणि उजेडात आल्यावर तिला दिसलं की ते दुपटं आहे. पिवळ्या बदकांचं. बदकांवर हिरवट काळी लव उगवली होती आणि एका ठिकाणी पांढरे, बारीक केस, श्वासाने हलणारे. त्याच्या खाली दुसरं, निळ्या रेघांचं. मग लंगोट, तीन, चार, एकमेकांना चिकटलेले. सगळ्यात खालचं ओढताना ड्रमच्या लाकडाचा एक पातळ पापुद्रा त्याच्याबरोबर निघून आला, जखमेवरची पट्टी खपलीसकट यावी तसा. तिने मोजलं. नऊ. मोजायची गरज नव्हती, कोंबली तेव्हाही तिने मोजली होती. गुंड्या चार महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. आठवडाभर ऊन नव्हतं, घरभर दोऱ्या बांधलेल्या, कपडे वाळता वाळत नव्हते. नवऱ्याला एका हॉटेलात वाजवायचं काम मिळालं होतं आणि दुपारी दोन तास तो सराव करायचा, आणि बरोबर त्याच दोन तासांत गुंड्याला झोप यायची. धप्प, धप्प, भिंतीतून, फरशीतून, तिच्या बाळंतपणाच्या टाक्यांतून. ती काही बोलली नाही. तेव्हा ती बोलत नसे, नुसती बघत असे. एक दिवस तो अंघोळीला गेला तेव्हा तिने दोरीवरची दुपटी ओढली, हाताला गार लागत होती, दमट, ते तिला कळलं होतं, हे आता नाही म्हणता येणार नव्हतं, कळलं होतं. आणि त्या भोकातून एकेक आत कोंबली. बडबड्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबावा तशी. कोंबताना तिला मजा आली होती. गेल्या कित्येक महिन्यांत तिला तेवढी एकच गोष्ट करताना मजा आली होती. त्या दिवशी तो वाजवायला बसला आणि ड्रममधून नुसता खोकल्यासारखा आवाज आला. त्याने आत डोकावलं, हसला, म्हणाला, अगं, सांगायचंस ना. मग तसाच वाजवत राहिला. आणि ती विसरली. माणूस इतकं विसरू शकतं. नऊ दुपटी कमी पडतात म्हणून तिने आईकडून आणखी मागवली होती.

पलीकडे गुंड्या खोकला. तिने हात उचलून नाकाशी नेला. मग तिने जे केलं ते इतकं झटपट केलं की जणू तिच्या पाठीमागे कुणी उभं राहून ते तिच्याकडून करून घेत असावं. दुपटी काळ्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, तिची गाठ, गाठीवर गाठ, आणि ते गाठोडं बाल्कनीतल्या बादलीखाली. फरशी पुसायचं औषध फडक्यावर घेऊन ड्रमची आतली बाजू पुसली. फडकं काळं झालं, लाकूड मात्र तसंच. डाग वर नव्हता, आत होता. दुसरं फडकं. तिसरं. मग चामडं परत बसवलं, कडं, पेच, आणि ती टेप, जी चामडं काढताना एका कोपऱ्यात उलटी चिकटली होती, ती अंगठ्याने दाबून दाबून सरळ केली. हात साबणाने धुतले, परत धुतले. तिच्या बोटांची कातडी आधीच सोललेली होती, तिला साबण झोंबला आणि झोंबला ते बरं वाटलं.

नवरा तीन खोकी एकात एक घालून घेऊन आला, घामेघूम, खुशीत. रस्त्यात गणिताच्या बाईंचा फोन आला होता म्हणे. गणिताच्या बाई म्हणजे ड्रम विकत घेणारी बाई. तिकडे दूर, ट्रकने तीन दिवसांच्या वाटेवर, कुठल्याशा शाळेत गणित शिकवते. दोन मुलींसाठी हवे होते. तिने प्रत्येक ड्रमचा व्यास, खोली, जाडी सेंटीमीटरमध्ये विचारून घेतली होती आणि नवऱ्याने एकदा चुकून अर्ध्याचा फरक सांगितला तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून तो दुरुस्त करून घेतला होता, म्हणून हे नाव. तिचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. घर लहान आहे, मुली त्याच खोलीत झोपणार, ड्रमच्या पायाशी गाद्या घालून, आता त्यांना उठवायला घड्याळ नको, असं ती पहिल्याच फोनवर म्हणाली होती. तेव्हा ऐकताना हसू आलं होतं.

मग दोघं बांधायला बसली. नवऱ्याची ही बाजू तिने लग्नाआधी बघितली होती आणि मध्यंतरी विसरली होती. तो प्रत्येक ड्रम मांडीवर घेऊन फिरवून बघत होता, कड बोटाने चाचपत होता, पेच अर्धा वेढा सैल करत होता, फार आवळून पाठवलं तर थंडीत-उन्हात चामडं ताण खातं म्हणाला. बबल रॅपचा पहिला वेढा फुगे आतल्या अंगाला, दुसरा बाहेरच्या. टेप कधी थेट लाकडावर लावायची नाही. गुंड्याला अंघोळ घालताना मानेखाली हात कसा धरायचा हे त्याला तीनदा दाखवावं लागलं होतं, आणि इथे कुणी न दाखवता त्याचे हात बरोबर जिथे जायचे तिथे जात होते. तिला त्याचा राग यायला हवा होता. आज यायला जागा नव्हती, दुसऱ्याच कशाने ती तुडुंब भरली होती. जागा वाचावी म्हणून ड्रम एकात एक घालायचे होते: सगळ्यात लहान मधल्यात, मधला त्याहून मोठ्यात, आणि ते सगळं त्या सगळ्यात मोठ्याच्या पोटात. म्हणजे तो उघडावाच लागणार होता. ती बघत राहिली. बघत राहणं हा तिचा धंदाच झाला होता वर्षभर.

नवऱ्याने मोठा ड्रम ओढला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. आतापर्यंत तो तिच्याकडे तोंड करून बसला होता, प्रत्येक पेच तिला दाखवत. आता पाठ. किल्ली भराभर फिरली. शेजारी एक कचऱ्याची पिशवी, आधीच तोंड उघडून ठेवलेली, आणि खाकी कागदाचा गठ्ठा, तोही हाताशी. कडं निघालं. त्याने श्वास रोखलेला तिला त्याच्या खांद्यांवरून कळलं. चामडं बाजूला झालं, त्याचा हात न बघता आत गेला, उशीच्या खाली, खोल, कोपरापर्यंत, आणि थांबला. रिकाम्या फडताळात हात घालावा आणि वस्तू जागेवर नसावी, तसा थांबला. थोडा डावीकडे चाचपून बघितलं, थोडा उजवीकडे. मग हात तसाच आत ठेवून तो बसून राहिला. पाठ तशीच. त्याच्या मानेवर घामाची एक धार कॉलरकडे उतरत होती आणि ती ती धार बघत होती, आणि तिला कळलं. सकाळच्या त्या दोनदा बजावण्यासकट कळलं. हात बाहेर काढून त्याने खाकी कागद उलगडला आणि ड्रमच्या आतल्या बाजूला लावायला सुरुवात केली, नीट, घडी पडू न देता.

"टेप कधी लावलीस?" तिने विचारलं.

"झाले दोनेक महिने." त्याने मागे वळून बघितलं नाही.

वाजवताना त्या भोकातून वारा येतो, तो म्हणाला, पायावर येतो, आणि एक दिवस त्या वाऱ्याला वास आला. बॅटरी लावून बघितलं. मग वाजवणं बंद केलं, टेप लावली, आणि बसला विचार करत. ती ऐकत होती. म्हणजे मन उडालं म्हणून वाजवत नाही हे खोटं होतं, पाठ दुखते हे खोटं होतं, आणि बरोबर आहे तुझं, विकून टाकू, हे त्या सगळ्यांत मोठं. तिने त्या दिवशी लढाई जिंकली असं समजून शांत झोप घेतली होती. काढून का टाकली नाहीस, असं तिने विचारलं तर तो म्हणाला, एक तर मला किळस आली. खरंच आली, हात घालवेना. आणि दुसरं म्हणजे, काढताना तू बघितलं असतंस.

"बघितलं असतं तर?"

"तर तू काय केलं असतंस स्वतःचं, ते मला नको होतं." हे तो फार हळू म्हणाला.

सगळेच आता तिच्याशी हळू बोलायचे. उशांच्या त्या दुपारनंतर. तिची आई फोनवर आधी इकडचं तिकडचं बोलून अंदाज घ्यायची, मग मुद्द्याला हात घालायची. सासूबाई तिच्यासमोर गुंड्याला खोकला आला तर त्याला उचलून बाहेर न्यायच्या, जणू खोकला म्हणजे पाहुण्यांसमोर निघालेली घरातली भानगड. डॉक्टरसुद्धा तपासून झालं की नवऱ्याकडे बघून बोलायचे. तिला वाटायचं लोक जपतायत. आता ती त्या खाकी कागदाकडे बघत होती. नऊ दुपट्यांनी आली नव्हती तेवढी शिसारी तिला या जपण्याची आली. दोन महिने या माणसाला ठाऊक होतं, आणि दोन महिने ती कपाटामागे बॅटरी मारत होती तेव्हा हा तिला बॅटरीचे सेल आणून देत होता. टेप लावल्यापासून खोकला जरा कमी आहे, नाही का, असं तो आता विचारत होता, आशेने, आणि ते इतकं ओशाळवाणं होतं की तिने मान हलवली. कमी नव्हता. आणि तरीही ती उठली नाही. लहान मधल्यात गेला, मधला मोठ्यात, मोठा त्या कागद लावलेल्या पोटात, फटींमध्ये स्पंजचे तुकडे, वरून चामडं, कडं, पेच, बबल रॅप, खोकं, खोक्याभोवती दुसरं खोकं, मधे चुरगळलेल्या कागदाचे बोळे. दोघांचे हात एकमेकांना न लागता चालत होते. टेपचं टोक तिने दाताने तोडून दिलं. गुन्ह्यात भागीदार असली की माणसं किती शिस्तीत काम करतात. जाऊ दे, तिच्या मनात आलं, तीन दिवसांच्या वाटेवर आहे ते घर. उन्हाची खोली रिकामी होईल. गुंड्याची गादी खिडकीपाशी. तिकडे कुणाला कळणार आहे, आणि कळलं तरी ट्रकमध्ये ओल लागली म्हणायला कितीसा वेळ लागतो. हे वाक्य तिच्या मनात तयार, शब्दन् शब्द, मिळालं, आणि तिला कळलं की ते नवऱ्याच्याही मनात तयार आहे.

ट्रान्सपोर्टवाला चारच्या आधीच आला. जाडा, गळ्यात पेन अडकवलेला माणूस, बरोबर दोन चाकांची गाडी. त्याने खोक्यावर सगळीकडून लिहिलेलं "नाजूक" वाचलं, आडवं, उभं, वरच्या बाजूला बाण, आणि म्हणाला, "साहेब, ड्रम पाठवताय का बाळंतीण?" नवरा गरजेपेक्षा जास्त हसला. असं बांधलेलं मी वीस वर्षांत बघितलं नाही, ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, बहुतेक लोक चादरीत गुंडाळून देतात आणि मग मोडलं की आमच्या नावाने शंख करतात. तुमचं डोंगरावरून गडगडलं तरी आतल्या मालाला पत्ता लागायचा नाही. त्याने खोकं तिरकं करून गाडीवर घेतलं, पट्टा आवळला, कागदावर नवऱ्याची सही घेतली. गाडीचं पुढचं चाक उंबऱ्याला लागलं आणि नवऱ्याचा फोन वाजला. त्याचे दोन्ही हात खोक्याला होते. तिने उचलला.

गणिताच्या बाई होत्या. निघाला का, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराला न थांबता सांगू लागल्या की पलंग हलवला, धाकटीने खडूने जमिनीवर चारी ड्रमांचे गोल आखून ठेवलेत, अगदी मापात, आणि कालपासून कुणाला त्या गोलांत पाय ठेवू देत नाही. ती ऐकत होती. नवरा तिच्याकडे बघत होता आणि डोळ्यांनी काहीच म्हणत नव्हता, तेही जपूनच.

"बाई, मोठ्या ड्रमला आतून बुरशी आहे," ती म्हणाली. "मी त्यात ओली दुपटी कोंबून ठेवली होती. सहा-सात महिने. आज पुसलं, पण गेली नाही. लाकडात मुरली आहे. बाकीचे ड्रम आम्ही त्याच्यातच घातलेत. माझ्या मुलाला खोकला आहे."

पलीकडून बाईंचा तो मोठा आवाज आला.

"शी! काय घाणेरडी माणसं आहात हो तुम्ही. हे पाठवत होतात माझ्या मुलींच्या उशाशी?"

"हो," ती म्हणाली. "दारात निघालंय."

त्या आणखी बोलल्या. बरंच बोलल्या. शिकलीसवरलेली दिसता, पोटचं पोर खोकतंय आणि दुसऱ्याच्या पोरांची तुम्हाला चाड नाही; मी तेरा दिवस मापं घेतेय आणि तुम्ही मला आतली बाजू सोडून सगळं मोजून दिलंत. एकही शब्द त्यांनी मऊ केला नाही, मधे श्वास घ्यायलाही थांबल्या नाहीत. ती फोन कानाला घट्ट दाबून उभी राहिली. कान गरम झाला, चेहरा पेटला, आणि तरी तिला वाटत होतं की बाईंनी इतक्यात थांबू नये. वर्षभरात तिच्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. तिने केलं ते घाण होतं, आणि ते घाण आहे असं कुणीतरी तिला, तिच्याकडे तोंड करून, नवऱ्याला न विचारता सांगत होतं. शेवटी बाई दमल्या. आधी ते खाली उतरवा, म्हणाल्या. मोठ्याचं तोंडही मला बघायचं नाही. बाकीचे सोडवा आणि आठ दिवस कडकडीत उन्हात घाला, मग आतून फोटो पाठवा, मग बघू. वचन देत नाही. आणि ठेवता ठेवता, त्याच चढ्या आवाजात, पोराला त्या घरातून आधी बाहेर काढा, किती महिन्यांचा आहे?

"अकरा," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

ट्रान्सपोर्टवाल्याने पट्टा सोडवायलाही सुरुवात केली होती. फोनमधला आवाज त्याच्यापर्यंत गेला होता. खोकं जमिनीवर आलं. उन्हाची खोली आता आठ दिवस तरी मोकळी होणार नव्हती, आणि ऊन हवं होतं ते ड्रमांना. गुंड्याला आज आईकडे न्यावं लागेल, आईला सगळं सांगावं लागेल, दुपटी कुठे गेली तेही. तिने सुरी घेतली आणि खोक्यापाशी गुडघे टेकले. नवरा पुढे आला, वाकला, आणि त्याने तिच्या मनगटाला हळूच हात लावला.

"अगं, तू बस जरा," तो म्हणाला, अगदी हळू. "मी करतो. तुला त्रास होईल."

"होऊ दे," ती म्हणाली. "आणि हळू बोलू नकोस माझ्याशी. तिकडून धर."

त्याने धरलं. तिने टेपमध्ये सुरी खुपसली आणि खोकं या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरत नेलं.